पैसे दिले कोणी?

वकिलाला अगदी सुरुवातीला जे शिकवतात ते हे की, सामनेवाला कोण ते आधी लिही. नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण. दावा असो, नोटीस असो, नाहीतर साधा अर्ज असो. या ओळी भरल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. माझी सनद नवी होती आणि हातात आलेलं ऑनलाइन कर्जाचं पहिलंच प्रकरण नेमकं याच ओळींवर अडलं.

बारामतीत मी ज्या सरांकडे ज्युनिअर आहे, त्यांच्याकडे येणारी कामं ठरलेली. वाटपाचे दावे, बांधाची भांडणं, सातबाऱ्यावरच्या नोंदी, चेक बाउन्स. पक्षकार येतो तो पिशवीतून कागद घेऊन. शिवणकाम करणाऱ्या ताई आल्या तेव्हा त्यांच्याकडे पिशवी नव्हती. त्यांनी टेबलावर मोबाइल ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, जे काय आहे ते ह्यातच आहे." सरांनी फोन माझ्याकडे सरकवला. "हे नवीन आहे. तू बघ."

हकिगत साधी होती. मुलीच्या फीसाठी दहा हजारांची नड होती. बचत गटात नंबर लागायला वेळ होता, फायनान्सवाल्यांच्या गटाचं एक कर्ज आधीच चालू होतं. मोबाइलवर जाहिरात आली, ताईंनी ॲप घेतलं, आधार-पॅन टाकलं, चेहऱ्याचा फोटो दिला, ओटीपी टाकला आणि चहा उकळेपर्यंत पैसे खात्यात आले. कर्ज १०,००० रुपयांचं. खात्यात पडले ८,८२०. फेड ३,६०० रुपयांच्या तीन मासिक हप्त्यांत. पहिला हप्ता गेला. लग्नसराई संपली, शिलाईचं काम आटलं आणि दुसरा थकला. तेव्हापासून फोन सुरू झाले. रात्री साडेनऊला जाऊबाईंना, माहेरी भावाला, मुलीच्या क्लासच्या सरांनाही. "तुमचा नंबर जामीन म्हणून दिलाय," असं प्रत्येकाला सांगितलं जात होतं. ताईंनी कोणाचाच नंबर जामीन म्हणून दिला नव्हता. ॲप सुरू करताना 'अलाऊ' म्हणून जे बटण दाबलं होतं, त्यातून फोनमधले सगळे नंबर गेले होते.

मी कोरा कागद घेतला आणि नोटीस कोणाला पाठवायची ते लिहायला बसले. ॲपचं नाव एक होतं. पैसे जमा झाल्याच्या नोंदीत दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं. हप्त्याचे मेसेज तिसऱ्या नावाने येत होते. वसुलीचा माणूस "लीगल डिपार्टमेंटमधून बोलतोय" एवढंच सांगायचा. चार नावं, आणि पत्ता एकाचाही नाही. ताई म्हणाल्या, "मॅडम, पैसे दिले कोणी तेच कळंना, तर परत कोणाशी बोलायचं?" माझ्याकडेही त्याचं उत्तर नव्हतं. कॉलेजात करार कायदा शिकले होते, चेकबद्दलचा परक्राम्य संलेख अधिनियम शिकले होते. पण ज्याच्याशी करार झाला तोच दिसत नाही, अशा करारापुढे मी पहिल्यांदाच बसले होते.

त्या रात्री रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं वाचायला घेतली. भाषा जड, संक्षेपांची गर्दी. एक परिपत्रक दुसऱ्याकडे बोट दाखवतं, दुसरं तिसऱ्याकडे. तरी हळूहळू रचना उलगडली. ॲप स्वतः कर्ज देत नाही. ते गिऱ्हाईक आणून देणारं दुकान आहे. कर्ज देणारी असते बँक किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली बिगरबँकिंग वित्तीय कंपनी, म्हणजे एनबीएफसी. रिझर्व्ह बँकेचा अंमल चालतो तो या नोंदलेल्या संस्थेवर, आणि ॲपने केलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी नियमांनी त्या संस्थेच्या गळ्यात घातलेली आहे. "ते आमच्या एजंटने केलं" ही सबब तिला सांगता येत नाही.

हे नियम का आले, तेही त्याच वाचनात समजलं. टाळेबंदीच्या काळात अशा झटपट कर्जांचा आणि त्यांच्या वसुलीतल्या छळाचा सुळसुळाट झाला, काही कर्जदारांनी जीव दिला. जानेवारी २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेने एक कार्यगट नेमला. त्या गटाला तेव्हा भारतीय अँड्रॉइड फोनधारकांसाठी सुमारे १,१०० कर्ज ॲप उपलब्ध दिसली आणि त्यांतली सुमारे ६०० बेकायदा निघाली. २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जाची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. पुढे ८ मे २०२५ला हे नियम एका निर्देशात एकत्र आणले गेले.

यातले आणि वसुलीबद्दलच्या इतर परिपत्रकांतले काही नियम मी ताईंच्या फोनशेजारी ठेवून वाचले. पैसे कर्ज देणाऱ्याच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात गेले पाहिजेत, मध्ये ॲपवाल्याचं खातं नको. ॲपने फोनमधली संपर्क यादी, कॉलची नोंद, फोटो-फाइल यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, ठिकाण यांची परवानगी फक्त ओळख पटवण्यापुरती, एकदाच आणि विचारून. हप्ता थकला तर वसुली एजंट कोण हे त्याने संपर्क साधण्याआधी कर्जदाराला एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही. ताईंच्या बाबतीत पैसे थेट आले होते, एवढा पहिला नियम पाळला गेला होता. बाकीचे एकेक करून मोडलेले दिसत होते. नियम इतके स्पष्ट आणि मोडणं इतकं उघड; मग कोणी काही करत का नाही, हा प्रश्न मला झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या ईमेलमध्ये शोधाशोध केली. तो ईमेल त्यांच्या मुलीने उघडून दिलेला होता. ताईंनी तो कधी पाहिलाच नव्हता. कर्ज मंजूर झाल्याच्या मेलला एक पीडीएफ जोडलेली होती, सगळी इंग्रजीत. तिच्यात एक तक्ता होता. यालाच 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात. प्रत्येक किरकोळ कर्जासोबत तो देणं १ ऑक्टोबर २०२४पासून सक्तीचं आहे. डिजिटल कर्जांना ही सक्ती त्याआधीच लागू झाली होती. कर्जाची रक्कम, हप्ते, व्याज, प्रत्येक शुल्क, थकल्यास दंड किती, वसुली कोण करणार, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन, हे सगळं एका जागी. आणि त्याच तक्त्यात मला कर्ज देणाऱ्या कंपनीचं पूर्ण नाव सापडलं. नोटिशीतली पहिली ओळ भरता आली.

तक्त्यात आणखी एक रकाना होता: वार्षिक टक्केवारी दर. ताईंना ॲपवर "व्याज फक्त ८ टक्के" एवढं दिसलं होतं. हिशेब मांडला. हातात आले ८,८२०. तीन महिन्यांत परत जाणार १०,८००. म्हणजे १,९८० रुपये जास्त, तेही दर महिन्याला मुद्दल फिटत असताना. वर्षाच्या हिशेबात हा दर सुमारे १३० टक्के येतो. तक्त्यातला आकडा त्याच्याच आसपास होता. ताई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. "हे आधी दिसलं असतं तर मंगळसूत्र गहाण टाकलं असतं, पण हे घेतलं नसतं."

ते आधी दिसायलाच हवं होतं. नियम म्हणतो, हा तक्ता कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, त्यातला मजकूर समजावून सांगायला हवा आणि समजल्याची पोच घ्यायला हवी. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीचं कर्ज असेल, तर तक्ता दिल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस द्यायचे. त्यात नसलेलं कोणतंही शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कधीच लावायचं नाही. ताईंकडून वसुलीवाले 'फील्ड व्हिजिट'चे म्हणून ४५० रुपये मागत होते. तक्त्यात ती ओळच नव्हती.

एवढ्यावर प्रकरण सरळ झालं असं मला वाटत होतं, तेवढ्यात ताईंनी विचारलं, "मग हे सावकारीत बसत नाही का? सावकाराविरुद्ध कायदा आहे ना?" प्रश्न रास्त होता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४मधला. परवाना सहकार खात्याचे निबंधक देतात, व्याजाची कमाल मर्यादा राज्य सरकार ठरवतं. मी सहाय्यक निबंधकांच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली असेल तर आमच्या हातात काही नाही." परत येऊन निकाल शोधला. १० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेदुमपिल्ली फायनान्सच्या प्रकरणात ठरवलं आहे की, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या एनबीएफसींना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. म्हणजे गावातल्या परवानाधारक सावकाराच्या व्याजाला कमाल मर्यादा आहे आणि मोबाइलमधल्या कंपनीच्या व्याजाला तशी ठरावीक मर्यादा नाही. तिने दर उघड सांगायचा, अवाजवी लावायचा नाही, एवढंच. नव्या माणसाला हे पचायला जड जातं. मला अजूनही जातं.

मात्र त्याच शोधात एक बळ देणारी गोष्ट हाती लागली. मार्च २०२२च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज ठरतं; मग ते गटात बसून दिलेलं असो की मोबाइलवर. अशा कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. ताईंचे यजमान एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहेत. दोघांचं मिळून महिन्याला २० हजारांच्या आत-बाहेर. गटाचा हप्ता, दुकानातून घेतलेल्या फ्रीजचा हप्ता आणि हे ३,६०० मिळून १२ हजारांच्या वर जात होतं. कर्ज देताना घरातलं उत्पन्न किती, हे कोणीही विचारलं नव्हतं. नोटिशीत हा मुद्दा मी ठळक घातला.

वसुलीवाले सारखं "पोलीस पाठवतो" म्हणत होते. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, अटक होत नाही, असं ताईंना सांगून टाकावं असं मला वाटत होतं. सरांनी थांबवलं आणि २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं २५वं कलम उघडून दिलं. बँक खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी दिलेली असेल आणि खात्यात पैसे नसल्यामुळे तो परत गेला, तर चेक बाउन्ससारखाच खटला होऊ शकतो. त्यासाठी आधी रीतसर लेखी मागणी लागते, पंधरा दिवसांची मुदत लागते. व्हॉट्सॲपवर राजमुद्रेचं चित्र टाकून आलेली "कोर्ट नोटीस" म्हणजे ती मागणी नव्हे. पण धोका अजिबात नाही, असंही नाही. ताईंना मी दोन्ही बाजू सांगितल्या. "खरं काय ते सांगितलंत, बरं झालं," म्हणाल्या. अर्धवट धीर देण्यापेक्षा पूर्ण माहिती देणं हेच पक्षकाराशी इमान आहे, हे मी त्या दिवशी शिकले.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार गेली. सोबत कॉलच्या वेळांचे स्क्रीनशॉट, जाऊबाईंना आलेल्या फोनचं रेकॉर्डिंग, तक्त्याची प्रत. संस्थेला उत्तरासाठी ३० दिवस असतात. उत्तर आलं. ४५० रुपयांची मागणी मागे घेतली होती, नातेवाइकांना फोन होणार नाहीत असं लिहून दिलं होतं आणि ते फोन थांबलेही. पण इंग्रजी तक्ता आणि घरचं उत्पन्न न विचारता दिलेलं कर्ज, या मुद्द्यांवर एक अक्षर नव्हतं.

म्हणून पुढची पायरी, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. नोव्हेंबर २०२१पासून बँका, एनबीएफसी, वॉलेट या सगळ्यांसाठी ही एकच योजना आहे. फी नाही. संस्थेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर ठरलेल्या मुदतीत तक्रार करता येते. मी उत्साहाने वकीलपत्र काढलं, आणि योजनेचा नियम वाचून थांबले. तक्रारदाराने स्वतः यायचं, किंवा अधिकृत प्रतिनिधी नेमायचा. पण तो प्रतिनिधी वकील नको. क्षणभर बिचकले. मग त्यातला अर्थ ध्यानात आला. सामान्य माणसाला वकिलाची फी न मोजता दाद मागता यावी, म्हणूनच हे दार असं ठेवलं आहे.

तक्रार ऑनलाइनही करता येते आणि कागदावर लिहून चंदीगडच्या केंद्रात पाठवता येते, कोणत्याही भाषेत. ताईंनी ती स्वतः लिहिली, मराठीत, मुलीच्या वहीचं पान घेऊन. मी शेजारी बसून फक्त तारखा तपासल्या. वकिली भाषेची एकही ओळ नसलेलं ते पत्र माझ्या नोटिशीपेक्षा जास्त स्पष्ट होतं. तिसरं वाक्य असं: "मला मराठी वाचता येते, पण मला मराठीत कोणी काही दिलेच नाही." निकाल यायचा आहे. उरलेले हप्ते ताई फेडत आहेत.

त्यांच्या फोनमध्ये आणखी एक ॲप होतं, त्याची गोष्ट मात्र अशी नाही. मंजूर ३,०००, हातात १,८००, मुदत सात दिवस. त्यात कर्ज देणाऱ्याचं नावच नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या संस्थांनी कळवलेल्या ॲपची यादी जुलै २०२५पासून आहे, तिच्यात ते नव्हतं. फोटोत फेरफार करून नातेवाइकांना पाठवू, अशी धमकी आली होती. लोकपालाकडे जाता येईना, कारण लोकपालाच्या कक्षेत येईल अशी संस्थाच मागे नव्हती. १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला, पोलिसांत तक्रार दिली, रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर माहिती भरली. नंबर बंद झाले. माणसं सापडली नाहीत. नोंदणी नसलेल्या अशा कर्जधंद्यावर थेट बंदी घालणाऱ्या कायद्याचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२४मध्ये लोकांपुढे ठेवला होता. त्याची गरज काय आहे, ते त्या धमकीचा मेसेज वाचताना मला समजलं.

आमच्याच तालुक्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. चौकशी आयोग बसला आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. रोखा गाव-निबंधकासमोर लिहिला जावा, फेडीची पावती मिळावी, वर्षाचा हिशेब कर्जदाराला मागता यावा आणि न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता यावा, ही त्यातली कलमं. सरांच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकात ती वाचताना मला शिवणकामवाल्या ताईंचा तक्ता आठवत होता. मागणी तीच आहे: काय लिहून दिलं ते मला कळू द्या आणि हिशेब दाखवा. फरक एवढाच की, सुप्याच्या शेतकऱ्याला सावकाराचं घर माहीत होतं. आज आधी ते घर शोधावं लागतं, आणि आजच्या कायद्याची निम्मी ताकद देणाऱ्याला नाव-पत्त्यासह समोर उभं करण्यातच खर्च होते.

माझं मत आता पक्कं झालं आहे. नियम चांगले आहेत, पण ते कर्जदाराला माहीत असतील तरच चालतात; आणि ते कर्जदाराच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोचवण्याची सक्ती कागदावरच राहते आहे. रिझर्व्ह बँकेने एकदा हा एकच नियम कसून तपासावा: महाराष्ट्रात दिलेल्या किती छोट्या कर्जांचा तक्ता मराठीत दिला गेला?

तोवर वाचकांना एवढंच सांगणं आहे. मोबाइलवर कर्ज घेण्याआधी तीन गोष्टी मागा. देणाऱ्या बँकेचं किंवा कंपनीचं पूर्ण नाव. मराठीतला तक्ता आणि त्यातला वार्षिक दर. तक्रार अधिकाऱ्याचा फोन. नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत पाहून घ्या. संपर्क यादीची परवानगी मागितली तर तिथेच थांबा. फसवणूक झाली तर १९३०वर, आणि नोंदलेल्या संस्थेविरुद्ध दाद कशी मागायची हे विचारायला १४४४८वर फोन करा. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हे मोठ्याने वाचून दाखवा. तीनपैकी एक जरी गोष्ट मिळाली नाही, तरी ते कर्ज घेऊ नका.